बिनआवाजाची उडी

प्रश्न १. गेल्या सहा महिन्यांत तुमचा गुडघा दुखला आहे का?

नाही.

असं तिनं लिहिलं, पेन खाली ठेवलं… आणि पाचव्या मिनिटाला पहिला स्टिकर पडला.

खरं तर बबिता तिथं यायचीच नव्हती. नीलमचे बूट तिच्याकडं राहिले होते, ते द्यायला ती परभणीतल्या त्या कॉलेजच्या जुन्या बॅडमिंटन हॉलच्या दारात उभी राहिली, एवढंच. आत खो-खोच्या पोरी भिंतीला टेकून बसलेल्या. मधोमध एक लाकडी खोकं. खोक्यासमोर एक आणि बाजूला एक, असे दोन मोबाईल तिपाईवर बसवलेले. आणि एक उंच, चष्मेवाला माणूस यादीवर बोट फिरवत स्वतःशीच बोलत होता, "एकोणचाळीस… एक कमीच पडायली."

त्यानं वर बघितलं. दारात बबिता. हातात बुटांची जोडी.

"तुम्ही खेळता का?"

"न्हाई," बबिता म्हणाली. "बूट विकते."

पोरी खुदकन हसल्या. नीलमनं मात्र घात केला. "सर, हीच ती! पेडगावची बबिता. खांबावरनं सूर मारणारी. तुमी म्हणत होता न्हवं, सूर मारणारी एक तरी पायजे म्हणून?"

बबितानं मैत्रिणीकडं असं बघितलं, की बूट हातात असणं नीलमच्या हिताचं नव्हतं.

"मला टाइम न्हाई. आई वाट बघायलीय."

"पाच मिनिटांचं काम आहे," तो म्हणाला. "ह्या खोक्यावरून खाली उतरायचं. तीस सेंटिमीटर. उतरल्याबरोबर सरळ वर उडी. तीनदा." मग अगदी साळसूदपणे— "भ्या वाटत असेल तर राहू द्या."

भ्या? बबितानं चपला काढल्या.

त्याचं नाव महांतेश. फिजिओथेरपी शिकलेला, आता पीएच.डी. करत होता. खेळाडू उडी मारून जमिनीवर उतरतो त्या क्षणी त्याचा गुडघा काय करतो, आणि कसं उतरलं तर तो मोडत नाही, हा त्याचा विषय. सांध्यांवर पांढरे गोल स्टिकर लावायचे, चित्रण करायचं, त्या ठिपक्यांवरून कोन मोजायचे. पोरींना स्टिकर लावायचं काम त्यानं नीलमकडं दिलं होतं.

तर नीलमनं बबिताच्या उजव्या गुडघ्याला पहिला स्टिकर लावला, तो पडला. दुसरा लावला, पडला. तिसरा तिनं अंगठ्यानं दाबून धरला, दहापर्यंत मोजलं, अंगठा काढला. स्टिकर जागचा हलला, थबकला, आणि नडगीवरून सावकाश, निवांत, घाई नसलेल्या पाहुण्यासारखा खाली निघाला.

महांतेश वाकला. स्टिकर उचलला. नाकाजवळ नेला.

मग त्यानं बबिताकडं बघितलं. गुडघ्याकडं नाही… चेहऱ्याकडं. जरा जास्तच वेळ.

"निरगुडी," तो हळूच म्हणाला. "तिळाच्या तेलात उकळलेली."

बबिताच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळी आईनं, अंबाबाईनं, पाय ओढून धरून रगडलं होतं ते तेल.

"वास आवडतो मला त्याचा," ती म्हणाली.

"आमच्याही घरी असतो. आईची कंबर धरते." त्यानं चष्मा वर सरकवला. "पण तुमच्या डाव्या गुडघ्याला आवडत नाही का वास? तो कोरडाच दिसायलाय."

त्यानं तिच्यापुढं तो कागद पुन्हा सरकवला. पहिला प्रश्न. हो की नाही.

बबितानं कागद वाचला, आणि तसाच परत दिला.

"बरं," तो म्हणाला. "स्पिरिटनं पुसून घ्या. मग बसेल."

उडी पहिली

मोबाईल सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं काढत होता.

चित्र १. बबिता खोक्यावर. नजर समोर. समोर तो.

चित्र ४०. पाय सुटले.

चित्र ७०. वेणी अजून वरच आहे. तो मोबाईलकडं बघायचं सोडून वेणीकडं बघतोय. (हे बाजूच्या मोबाईलमध्ये आलं.)

चित्र ९९. पायाची बोटं फरशीला लागली. धप्प!

चित्र १०९. डावा गुडघा सरळ. उजवा मात्र आत झुकला, डाव्याच्या कानात काही सांगायला जावा तसा.

चित्र १३१. खालचा ओठ दाताखाली. हॉलमध्ये कुणालाही दिसलं नाही. चित्राला दिसलं.

चित्र ४८०. वरची उडीही मारून झाली. ती हसतेय. "झालं? एवढंच व्हय?"

प्रश्न ४. संघातील तुमचे स्थान?

राखीव. राखीव. राखीव.

तीन वर्षं. संघात बाराजणी, नऊ खेळतात, तीन बाकावर बसतात. बबितानं तीन राज्य स्पर्धा बाकावरून बघितल्या. बाटल्या भरल्या, टाळ्या वाजवल्या, घसा बसेपर्यंत ओरडली. आणि यंदा दिवाळीनंतर बजरंग सरांनी, जिल्ह्याच्या संघाच्या प्रशिक्षकांनी, सगळ्यांसमोर तिच्याकडं बोट करून सांगितलं होतं, "यंदा नवातली हायस तू." निवड तीन आठवड्यांवर आली होती. उजवा गुडघा त्याच्या कितीतरी आधीपासून कुरकुरत होता. ते एकट्या आईला ठाऊक होतं, आणि आता…

आता दोन दिवसांनी हॉलच्या पायऱ्यांवर महांतेशनं मोबाईल तिच्यापुढं धरला. प्रत्येकीला तिची उडी तो एकटीलाच दाखवायचा.

"हा कुणाचा गुडघा?" बबितानं विचारलं.

"तुमचा."

"असला वाकडा?"

"गुडघा सरळच आहे. उतरणं वाकडं आहे." त्यानं चित्र थांबवलं. "गुडघ्याच्या आत एक दोरी असते, लिगामेंट. तुम्ही उतरलात की सगळा भार तिच्यावर यायलाय. आज दुखतंय ते दुखणं लहान आहे. दोरी तुटली तर मोठं."

"कधी तुटंल?"

"उद्या. नाहीतर कधीच नाही. ते सांगता आलं असतं तर माझी पीएच.डी. कधीच झाली असती."

तिला हसू आलं, आणि हसू आल्याचा राग आला.

"हे बजरंग सरांना दाखवणार तुमी?"

"नाही. तुमच्या गुडघ्याची माहिती तुमची. मी कुणालाच सांगणार नाही. तसं लिहून सही केलीय मी."

"शपथ घ्या."

"सही केलीय म्हणलं की."

"सहीचं काय सांगता! आईची शपथ घ्या."

महांतेशनं निमूटपणे आईची शपथ घेतली. मग म्हणाला, "पण एक ऐका. तुम्ही स्वतः मला विचारलंत, तर मी खोटं सांगणार नाही. तेवढी माझी शर्त."

"मग न्हाई विचारत. दुरुस्त करा. तीन आठवडे हायेत."

"गुडघा म्हणजे ऑटोचं पंक्चर आहे का? उतरायची सवय बदलायला आठ-दहा आठवडे लागतात."

"मला तीन द्या."

त्यानं मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाला, "मंगळवार, शुक्रवार. चार वाजता. तेल न लावता या."

प्रश्न ५. आठवड्यातून किती वेळा सराव करता?

मंगळवार. "गुडघा बोटांच्या रेषेत ठेवा." धप्प.

शुक्रवार. "बाहेर… थोडा बाहेर… आता फार बाहेर." धप्प.

"सर, तुमी बोलायला लागले की मला माझाच पाय सापडंना."

"मला सर म्हणू नका."

"मग काय म्हणू?"

"महांतेश."

"बाई! एवढं लांबलचक? उडी मारून खाली येईपर्यंत संपायचं न्हाई ते."

मंगळवार. धप्प. पण त्या दिवशी ती उतरली आणि तो हसत होता. का, म्हणून तिनं विचारलं. तो म्हणाला, काही नाही. ती म्हणाली, सांगा की. तो म्हणाला, खोक्यावर चढताना तुम्ही दर वेळी खोक्याला हात लावून पाया पडता.

"मग? देवासारखं हाय ते. माझा गुडघा त्याच्या हातात हाय."

"माझ्या हातात नाही?"

बबितानं चपला घालायला जरुरीपेक्षा जास्त वेळ लावला.

तो कधी खो-खो खेळला नव्हता, हेही तिला त्याच दिवशी कळलं. शाळेत त्याला गुण लिहायला बसवायचे. सहा वर्षं तो टेबलामागं बसून दुसऱ्यांचे पाय बघत होता. "बघून बघून दिसायला लागलं," तो म्हणाला. "कोण पडणार ते पडायच्या आधी कळायचं. पण ओरडून सांगायची हिंमत नव्हती… म्हणून मग शिकलो."

बबिताला वाटलं, ह्या माणसानं बाकावरची वर्षं आपल्यासारखीच काढलीत की. फक्त टेबलाच्या पलीकडून.

प्रश्न ९. घरी तुम्ही कोणती शारीरिक कामे करता?

शुक्रवारी ती आलीच नाही. फोनही लागेना. पाच वाजेपर्यंत महांतेशनं वाट बघितली, मग तिपाई स्कूटीला बांधली आणि पेडगाव गाठलं.

गावाबाहेर, तूर काढलेल्या रानात, मेंढरं बसली होती. भोवती जाळीचं कुंपण. कुंपणाशी अंबाबाई, डोक्यावर पदर, हातात निंबाचा डहाळा.

"कोण म्हणायचं तुमी?"

"मी…" स्कूटीवरची तिपाई सोडून हातात घेतलेला महांतेश गडबडला. "मी गुडघ्याचा."

अंबाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "आता आलं ध्यानात. रोज तुमचंच चाललेलं असतंय घरात. गुडघेवाले असं म्हणले, गुडघेवाले तसं म्हणले." तिनं मान मागं वळवली. "बबे! आलेत बघ!"

बांधाच्या वर बबिता उभी होती. दोन्ही हातांत एकेक ओलं कोकरू. सकाळपासून चार मेंढ्या व्यायल्या होत्या. त्याला बघताच ती लाल झाली, खाली बघितलं. खाली, कुंपणाच्या आत, दमलेल्या मेंढ्या आणि त्यांना चिकटून झोपलेली कालची-परवाची कोकरं. मध्ये जेमतेम दोन पावलांची मोकळी जागा.

बबितानं त्या जागेत उडी मारली.

आवाज आला नाही.

काही म्हणजे काहीच नाही. गुडघे वाकले, कंबर मागं गेली, अंगातला सगळा भार कुठंतरी विरघळला आणि ती उतरली. एकाही मेंढीनं मान उचलली नाही.

महांतेशच्या हातातून तिपाई सुटली. तिचा आवाज झाला. सगळी मेंढरं उठली.

"काय करायलात!" बबिता ओरडली.

"पुन्हा करा."

"काय?"

"आत्ता केलंत ते! बांधावरून… पुन्हा उतरा!" तो बूट-मोज्यांसकट लेंड्यांतून पुढं आला. "तुमचा गुडघा आत गेला नाही. जराही नाही. तुम्हाला येतं! मी दोन आठवडे गुडघा-गुडघा करत बसलो, आणि तुम्हाला येतं…"

"ते व्हय?" बबितानं कोकरं मेंढीजवळ ठेवली. "इथं धप्पकन पडून कसं चालंल? मेंढी बिचकली की कोकरावर पाय पडतोय. लहानपणापासनं अशाच उतरतोत आमी."

"मग खोक्यावरून का नाही असं उतरत?"

"खोक्याखाली कोण झोपलंय?"

तो मोठ्यानं हसला. ती पण हसली. अंबाबाईला काही समजलं नाही, पण दोघं एकाच गोष्टीला हसतायत आणि हसू थांबता थांबत नाही, एवढं समजलं. ती चहा ठेवायला गेली.

चहा पिताना तिनं विचारलं, "का हो, मी तेल लावत होते ते चुकलं का? पोरीचं काई बिघडलं त्यानं?"

"मावशी," महांतेश म्हणाला, "त्या तेलामुळंच तर सापडलं सगळं. मी तुमचे उपकार मानायलो."

अंबाबाईला कुणी उपकाराचं बोललेलं अंगवळणी नव्हतं. तिनं त्याच्या कपात आणखी चहा ओतला, पार बशीत सांडेपर्यंत.

त्यानंतर हॉलमध्ये महांतेशनं गुडघ्याचं नाव काढलं नाही. बबिता खोक्यावर चढली की एवढंच म्हणायचा, तेही कुजबुजत—

"कोकरं झोपलीत."

आणि ती उतरायची.

प्रश्न १. (पुन्हा)

निवडीच्या आदल्या दिवशी तिनं न विचारायचं ते विचारलं.

"खेळू का उद्या?"

महांतेश तिपाई मिटत होता. हात थांबला. "विचारणार नाही म्हणला होतात तुम्ही."

"आता विचारलं."

"मग ऐका. खोक्यावरून छान उतरता. ताज्या पायानं खांबावर वळताही छान. पण चौथ्या मिनिटाला, दमल्यावर, शरीर जुन्या सवयीवर जातंय. सूर मारून उठताना परवा तीनदा गुडघा आत गेला. तीन आठवड्यांत जेवढं होतं तेवढं झालंय. अजून दोन महिने पायजेत." त्यानं तिपाई खाली ठेवली. "नका खेळू."

"दोन महिन्यांनी राज्य स्पर्धा असते का?"

"नसते."

"तुमाला काय हो! तुमच्या प्रबंधाला माझा गुडघा पायजे. मला खेळ पायजे."

"मला प्रबंधासाठी नाही—" तो बोलता बोलता थांबला.

"मग कशासाठी?"

तो चष्मा काढून पुसायला लागला. चष्म्याशिवायचे त्याचे डोळे तिनं पहिल्यांदाच बघितले. त्यांत भांडण नव्हतं. नुसती काळजी होती, आणि आणखी काहीतरी… ते बघायची त्या दिवशी तिची तयारी नव्हती. ती निघून गेली.

दुसऱ्या दिवशी मैदानावर बजरंग सर कागद घेऊन उभे राहिले. सर उजव्या पायानं लंगडत. का, ते विचारायची कुणाची छाती झाली नव्हती. त्यांनी नावं वाचायला सुरुवात केली. पहिलं, दुसरं, तिसरं.

"चौथी. बबिता."

पोरींनी टाळ्या वाजवल्या. नीलमनं तिच्या पाठीत धपाटा घातला. तीन वर्षं जे नाव ऐकायला ती जीव टाकत होती, ते ह्या मैदानावर उच्चारलं गेलं होतं. आता फक्त गप्प राहायचं होतं. एवढंच. गप्प राहायला काय लागतं?

महांतेश आला नव्हता. त्यानं कुणाला काही सांगितलं नव्हतं. शपथ पाळली होती त्यानं. आणि हेच तिला सोसेना. तो सांगून मोकळा झाला असता तर तिला त्याच्यावर चिडता आलं असतं. त्यानं सगळं तिच्यावर सोडलं होतं, तिचं आहे म्हणून. आजवर कुणी तिच्यावर एवढा भरवसा टाकला नव्हता.

"सर," ती पुढं झाली. "माझा गुडघा दुखायलाय."

"आज?"

"सहा महिन्यांपासनं."

सरांनी कागद खाली केला. "अन् आता सांगायलीस? यादी वाचल्यावर? अक्कल गहाण ठिवली का? मी तुला खांबावर घेऊन डाव बसवला, बाकीच्या पोरींनी काय करायचं?" सर भरपूर बोलले. ती मान खाली घालून उभी राहिली. मग सरांचा आवाज हळूहळू उतरला. त्यांनी खिशातून पेन काढलं, चौथ्या नावावर रेघ मारली, आणि मारून झाल्यावरही पेन तिथंच टेकवून ठेवलं.

"मी बावीस वर्षांचा होतो," ते म्हणाले. "गुडघा तीन महिने सांगायला होता. मी न्हाई ऐकलं. कुणाला बोललोबी न्हाई." त्यांनी पेन खिशात ठेवलं. "बरं केलंस पोरी. जा. नीट होऊन ये. पण जागा धरून ठेवायचो न्हाई हां मी. खेळून घ्यायची."

मैदानाच्या फाटकाबाहेर रसवंती होती. तिच्या बाकावर महांतेश बसलेला. आत यायची हिंमत झाली नव्हती आणि घरी जायचीही नाही. समोर दोन ग्लास, दोन्ही भरलेले, दोन्हींवरचा फेस विरून गेलेला.

"सांगितलं," बबिता म्हणाली.

आणि रडली. ओढणीत तोंड घालून, खांदे हलवत, पोटभर रडली. तो "होईल सगळं नीट" म्हणाला नाही. रसवंतीचा चरक कुरकुरत होता, घुंगरं वाजत होती. तो नुसता शेजारी बसून राहिला, बाकाच्या कडेवर, मध्ये वीतभर जागा ठेवून.

बऱ्याच वेळानं तिनं डोळे पुसले. वीतभर जागेकडं बघितलं. आणि त्या जागेत आपला हात उपडा ठेवला.

त्यानं त्याच्यावर आपला हात ठेवला. रसवंतीवाल्यानं दुसरीकडं तोंड केलं.

प्रश्न ५. (पुढे चालू)

मंगळवार. शुक्रवार. मंगळवार. शुक्रवार.

संघ तिच्याशिवाय गेला आणि उपांत्य फेरीत हरून आला. त्या दिवशी ती जेवली नाही.

मंगळवार. शुक्रवार. एका पायावर. मग डोळे मिटून. मग दमून, मैदानाला दहा फेऱ्या मारून, घामानं निथळत. "कोकरं झोपलीत." "माहिताय!"

एका शुक्रवारी बजरंग सर हॉलमध्ये आले, दाराशी उभे राहून तासभर बघत राहिले, आणि न बोलता गेले. पुढच्या सोमवारी सरावाआधी त्यांनी सगळ्या पोरींना ओट्यावरून उड्या मारायला लावल्या. मैदानभर त्यांचा आवाज घुमला, "हळू! कोकरं झोपलीत गं! कोण उठवायलंय त्यांना!" पोरी हसून हसून पडल्या. पण दर सोमवारी बिनआवाजाच्या उतरू लागल्या.

प्रश्न १२. आणखी काही सांगायचे आहे का?

मार्चमध्ये झरीला निमंत्रितांचे सामने भरले. बबिताची जागा बाकावर होती, पुन्हा. दुसऱ्या डावात सरांनी तिला उठवलं.

पाचवं मिनिट. पाय भरून आलेले. समोरची पोर खांबाला वळसा घालून निसटली, निसटलीच… बबितानं खांब धरला, अंग झोकून दिलं, बोटांची टोकं तिच्या टाचेला लागली. आणि उजवाच पाय टेकवून, वळून, ती उभी राहिली.

उजवा गुडघा सरळ होता. मऊ. तिचा होता.

शिट्टी वाजली, गडी बाद झाला, पोरी ओरडल्या. तिला त्यातलं काही ऐकू आलं नाही. तिनं वाकून त्या गुडघ्यावर हात फिरवला, जसा शेळीच्या पाठीवर फिरवतात तसा. सहा महिने ह्यानं खोटं सोसलं होतं. तरी तुटला नव्हता बिचारा.

ऋणनिर्देश (कच्चा)

सामने संपले. झरीच्या शाळेच्या व्हरांड्यात महांतेश लॅपटॉप उघडून बसला होता. बबिता आली, त्याच्या शेजारी डबा ठेवला.

"आईनं खरवस दिलाय. शेळी व्याली. पहिला चीक तुमचा, म्हणली."

"कशाबद्दल?"

"कशाबद्दल म्हणजे? आमच्यात आभार-बिभार म्हणत न्हाईत. खरवस देतेत." ती पायरीवर बसली. "मला बी म्हणता येईना झालंय. तीन दिवसांपासनं मनात जुळवायलेय. जुळंना."

"मग नका म्हणू. मलाही लिहिता येईना झालंय." त्यानं लॅपटॉप तिच्याकडं फिरवला. "प्रबंधात सुरुवातीला हे एक पान असतं. ज्यांनी मदत केली त्यांचं."

बबितानं वाचलं. मार्गदर्शकांचं नाव होतं. बजरंग सरांचं होतं. "श्रीमती अंबाबाई, पेडगाव" होतं! तिनं ते दोनदा वाचलं. आईचं नाव कुठं छापून येईल असं त्या घरात कुणाच्या स्वप्नात आलं नव्हतं. तिचे डोळे भरले. मग तिनं पुढं बघितलं, खाली बघितलं, पुन्हा वर बघितलं.

"माझं?"

"खेळाडूंची नावं छापता येत नाहीत. नियम आहे."

"म्हणजे गुडघा माझा, कोकरं माझी, आई माझी… अन् मी कुठंच न्हाई?"

"एक जागा आहे," महांतेश म्हणाला. "शेवटच्या ओळीत. तिथं घरच्यांची नावं घालतात."

तिनं शेवटची ओळ वाचली. *माझी आई मल्लम्मा, वडील नागप्पा आणि*

तिथंच ओळ थांबली होती.

व्हरांड्याबाहेर नीलम कुणाला तरी हाका मारत होती. शाळेच्या नळाचं पाणी टपटपत होतं. बबिता त्या अर्ध्या ओळीकडं बघत राहिली.

"कधीपासनं लिहून ठिवलंय हे?"

"रसवंतीच्या दिवसापासून."

"अन् मी आलेच नसते तर?"

"तर तसंच छापलं असतं. अर्धवट. तपासनीसांनी चूक काढली असती. काढू दे."

ती हसली. मग हसू आवरून, एकदम गंभीर होऊन म्हणाली, "तुमी लिंगायत. आमी धनगर. लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, गुडघ्यानं जमवलं."

"आईला विचारावं लागंल मला…" ती म्हणाली. मग मान हलवली. "न्हाई. विचारायचं न्हाई. सांगायचं."

तिनं लॅपटॉप मांडीवर ओढला. बोटांना मैदानाची माती होती. ती ओढणीला पुसली, आणि एकेका बोटानं, अक्षर शोधत शोधत, ती ओळ पुरी केली. तो शेजारी बसला होता. वीतभर जागा आज मध्ये नव्हती.

"हे कधी द्यायचंय?"

"एकतीस तारखेला."

"मग त्याच्या आधी घरी येऊन जा. डबा द्यायला." ती उठली, बूट झटकले. "अन् ध्यानात ठिवा, आमच्यात डबा रिकामा परत करत न्हाईत."

"काय भरून आणू?"

बबिता पायऱ्या उतरून मैदानाकडं निघाली होती. ती वळली, मागं मागं चालत म्हणाली—

"ते मल्लम्मांना विचारा. येताना त्यांनाच घेऊन या!"